कोंडाईचं दाभण

आपल्या आज्यांच्या आज्यांनाही दात यायचे होते, तेव्हाची गोष्ट. खरातवाडीच्या माळावर कोंडाई नावाची धनगरीण राहायची. घोंगड्यांच्या पट्ट्या दाभणाने जोडणं हे तिचं काम. तिचे टाके इतके घट्ट, की पाऊससुद्धा आत शिरायला वाट विचारायचा, असं म्हणतात.

एका सकाळी धुळा मेंढका आपला कुत्रा काबऱ्या खांद्यावर घेऊन तिच्या दारात आला. लांडग्याने काबऱ्याची मान धरली होती. धुळाची शंभर मेंढरं त्या एका कुत्र्याच्या जिवावर माळावर निजायची.

"आत्ते, दाभण काढ. शीव ह्येला."

कोंडाईने मानेवरचे केस कातरले. वरून बघावं तर ज्वारीच्या दाण्याएवढी चार भोकं. बोट घातलं तर आत कातडी मांसापासून पार सुटलेली. "शिवायचं न्हाई," ती म्हणाली. पाणी उकळून, मीठ टाकून, कोमट करून तिने जखम पुन्हा पुन्हा धुतली आणि उघडीच ठेवली.

वाडीतल्या शहाण्यांनी नाकं मुरडली; त्यांना दुसरं काम नव्हतंच. तिसऱ्या दिवशी जखमेवर खपली धरली, तर कोंडाईने तीही धुऊन काढली. ते बघून धुळाचा धीर सुटला. ती पाण्याला गेली तेवढ्यात त्याने तिचंच दाभण घेतलं आणि चारही भोकं शिवून टाकली.

शिवल्याच्या दुसऱ्या दिवशी मान घागरीएवढी फुगली. काबऱ्या पाणी पिईना.

कोंडाईने टाके उसवले. ओंजळभर पू वाहिला. धुळा रडायला लागला, तेव्हा ती म्हणाली, "रडू नगं, लेकरा. माझी कुत्री भुंगी अशीच ग्येली. म्याच शिवली हुती. समदी वाडी टाके बघाय आली. पाचव्या दिशी मेली."

एवढ्या वर्षांत तिने हे कुणालाच सांगितलं नव्हतं.

मग तिने दाभण आढ्याला खोचून ठेवलं. नऊ दिवस शिवणाला हात लावला नाही; मडक्यात मीठपाणी कोमट करून जखम तेवढी धूत राहिली. काबऱ्या कळवळून तिचं मनगट दातांत धरायचा, पण दाबायचा नाही, असं म्हणतात. त्या नऊ दिवसांत मडक्यातलं पाणी सरलं नाही की गार झालं नाही, असंही म्हणतात. मला विचाराल तर मडक्यापेक्षा म्हातारीची कबुली मोठी. दहाव्या दिवशी काबऱ्या उठला आणि मेंढरांमागे चालू लागला.

आता खरातवाडीत जनावरांचा डॉक्टर येतो, इंजेक्शन देतो. पण तो येईपर्यंत, कुत्रं कुणाचं हे न विचारता, जवळच्या चुलीवर पाणी चढतं. आणि जखम वाहते आहे तोवर घरोघरची दाभणं आढ्याला खोचलेली असतात. रुखवताचं घोंगडं अर्धं राहिलं तरी कुणी शिवत नाही.

नवी सून विचारते, "किती दिस?"

सासू म्हणते, "कुत्रं उठंल तवर."