जिऊची आत्या

तांबजाईच्या टेकडीवर जेव्हा इतकी झाडी होती की भर उन्हात माणूस वाट चुकायचं, त्या काळातली ही गोष्ट आहे. जरा जवळ सरकून बसा. ही आपल्या निरगुडवाडीच्या आत्याची गोष्ट आहे, आणि आत्याची गोष्ट लांबून ऐकली तर ती रुसते, असं म्हणतात.

त्या काळी वाडीत धुळाबा नावाचा धनगर राहत होता. त्याची बायको कोंडाबाई. त्यांना मुलीच मुली झाल्या. पहिलीचं नाव हौसेनं ठेवलं, दुसरीचं देवीवरून ठेवलं, तिसरीला आजीचं नाव दिलं. मग आणखी एक मुलगी झाली, आणि घरातली सगळी नावं जणू संपून गेली.

आपल्याकडे नाव म्हणजे नुसती हाक नव्हती. ज्या घरात मुलं जगत नसत, तिथं बाळाला दगडू म्हणत, धोंडू म्हणत. मरण दाराशी आलं तर त्याला वाटावं, इथं दगड पडलाय, आणि ते पुढं निघून जावं. नाव हा तोडगा होता, नाव हे गाऱ्हाणंही होतं. तसंच गाऱ्हाणं कोंडाबाईनं देवाच्या कानावर घातलं. आता मुलगी पुरे, हे देवाला कळावं म्हणून तिनं त्या पोरीचं नाव नकुशी ठेवलं.

आणि पुढच्या खेपेला मुलगा झाला. त्याचं नाव म्हाकू. वाडी म्हणाली, "बघा, नाव लागू पडलं!" म्हाकूला सगळ्यांनी साखर भरवली. नकुशीला कुणी काही भरवल्याचं आठवत नाही.

ती मोठी झाली. बहिणींची लग्नं झाली. हिला बघायला पाहुणे येत, नाव विचारत आणि पाणी पिऊन परत जात. अशा नावाची सून दारात कशाला, असं त्यांना वाटे. मग तिनं शेरडं राखायला घेतली, आणि इथूनच नवल सुरू झालं.

तिनं एकेका शेरडाला नाव दिलं. कवडी, टिकली, हरणी, मोरपिशी. ती टेकडीखाली उभी राहून हाक मारी आणि जिला हाक मारली तीच तेवढी शेळी कळपातून मान वर काढून धावत येई. मग तिनं झाडांना नावं दिली. वाटेवरच्या खडकांना दिली. टेकडीच्या कुशीत एक झरा होता, त्याला ती हसरी म्हणायची. तिनं हाक मारली की झऱ्याचं पाणी काठावर चढून यायचं, असं म्हणतात.

वाडीचे सोमा कारभारी तिची थट्टा करत. म्हणत, "अगं, सगळी चांगली नावं शेरडांना वाटून टाकलीस. एखादं सवताला तरी ठेवायचंस!"

ती हसून म्हणायची, "सवताला कसं ठिवायचं, कारभारी? नाव दुसऱ्याच्या तोंडातनं यावं लागतं. आन एक नाव हाय माझ्याकडं राखलेलं. त्ये शेळीला द्यायचं न्हाई."

"मग कुणाला द्यायचं?"

"येईल की कोनतरी."

म्हाकूचं लग्न झालं. राही नावाची गुणी बायको त्याला मिळाली. आणि राहीलाही मुलीच झाल्या. एक झाली, दोन झाल्या, मग पुन्हा मुलगी झाली. धुळाबा तोवर देवाघरी गेला होता. घरात कोंडाबाईचा शब्द चाले. ती म्हणाली, "आता त्योच तोडगा. हिचं नाव नकुशी ठिवायचं."

बारशाच्या दिवशी बाया जमल्या. घुगऱ्या शिजल्या. पाळणा बांधला. आता तुम्हाला माहीतच आहे, बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. आत्या पाळण्यावर वाकते, बाया तिच्या पाठीत गुद्दे घालतात, ती कानात कुर्र करते आणि नाव सांगते. आत्यानं सांगितल्याशिवाय नाव म्हणजे नुसतं वारं. म्हणजे नकुशीनंच त्या बाळाला नकुशी करायचं होतं.

ती पाळण्यावर वाकली. बायांनी पाठीत गुद्दे घातले. ती बोलेना. आणखी घातले. तरी बोलेना.

एक म्हातारी म्हणाली, "अगं बोल की! हात दुखायला लागले आमचे."

"दुखू देत," ती म्हणाली. "त्ये नाव मी सांगनार न्हाई. त्ये माझं हाय. जित्या मानसाचं नाव त्याच घरात दुसऱ्याला ठिवायचं नसतं, ह्यो आपला रिवाज हाय का न्हाई?"

कोंडाबाई चिडली. "त्ये काय नाव हाय व्हय? त्यो तोडगा हाय. तोडग्याला कसला आलाय रिवाज!"

तेव्हा ती सरळ उभी राहिली. आवाज चढवला नाही, पण अंगणातल्या पुरुषांनाही ऐकू गेलं. ती म्हणाली, "आये, नाव न्हवतं तर इतकी वर्सं मी कशाला ओ देत आले? तू उठल्यापास्नं निजेपतोर हाक मारलीस. एकदा तरी मी ओ दिली न्हाई, असं झालं का? ओ देऊन देऊन मी त्ये माझं केलंय. आता त्ये मी कुनाला द्यायची न्हाई."

सगळ्यांनी सोमा कारभाऱ्यांकडे पाहिलं. कारभारी डोकं खाजवत म्हणाले, "रिवाज तर हायच. जवर ही हाय, तवर हिचं नाव दुसऱ्या पोरीला ठिवता येनार न्हाई."

"मग मी हाय," ती म्हणाली, आणि पुन्हा पाळण्यावर वाकून तिनं बाळाच्या कानात राखून ठेवलेलं नाव सांगितलं. ते नाव होतं जिऊ.

जिऊ वाढू लागली. आत्याच्या पाठीवर बसून टेकडीवर जाऊ लागली. पण पुढच्याच वर्षी पाऊस झाला नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही झाला नाही. ओढा आटला, विहिरींना तळ दिसला, आणि हसरीसुद्धा कोरडी पडली. लोकांच्या मनात येऊ लागलं, तोडगा मोडला म्हणून देवी कोपली. मग मनातलं ओठांवर आलं. जिऊचं नाव बदला. पण बदलणार कोण? आत्यानं दिलेलं नाव आत्यानंच परत घ्यायचं, नाहीतर आत्या गेल्यावर घरच्यांनी बदलायचं.

लोक तिच्या दाराशी आले. जिऊ तिच्या लुगड्याला धरून उभी होती. आत्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पान्याचा आन नावाचा काय संबंद? आन असंल, तर पान्याला पन मीच नाव दिलंय. मी हाक मारून बघते."

तिनं जिऊला राहीच्या कडेवर दिलं, घोंगडं खांद्यावर टाकलं आणि तहानलेली शेरडं घेऊन टेकडी चढली. दिवसभर वाडीला तिची हाक ऐकू येत होती. "हसरे! ये गं हसरे!" दुपारी हाक चालू होती. ऊन कललं तेव्हाही चालू होती. आवाज बसत गेला पण थांबला नाही, असं म्हणतात. मग तो थांबला.

थोड्या वेळानं शेरडं खाली आली. त्यांच्याबरोबर कुणी नव्हतं. पण कवडीची दाढी ओली होती. टिकलीची ओली होती. सगळ्या कळपाच्या तोंडांवरून पाणी ठिबकत होतं.

वाडी धावत वर गेली. हसरी खळाळून वाहत होती. काठावर घोंगडं होतं आणि काठी होती. ती मात्र नव्हती. झाडीत शोधलं, खडकांमागे शोधलं, म्हाकू हाका मारून मारून रडकुंडीला आला. कुठंच काही नाही. ती पाण्यात पाणी होऊन गेली, असं म्हणतात.

लोक आधी पोटभर पाणी प्याले. मग सोमा कारभारी जड आवाजात म्हणाले, "गेली बिचारी. म्हाकू, आता सुतक धराय पायजे."

आणि गर्दीत कुणीतरी, वाईट मनानं नव्हे पण सवयीनं, पुटपुटलं, "म्हंजे आता त्ये नाव मोकळं झालं."

कोंडाबाई तोवर काठीवर वाकून उभी होती. ते शब्द ऐकले आणि ती ताठ झाली. जिनं ते नाव ठेवलं होतं तीच ती आई. म्हातारी ओरडली, "कोन म्हनतंय गेली? कुनी बघितलीया? माझी लेक शेरडामागं गेलीया, ईल म्हागारी. सुतक कुनी धरायचं न्हाई. तिचं नाव कुनी घ्यायचं न्हाई. त्ये तिचं हाय!"

मग तिनं टेकडीच्या माथ्याकडे तोंड करून हाक मारायला श्वास घेतला, आणि तिची जीभ अडली. जन्मभर ज्या नावानं हाक मारली, ते तिच्या तोंडून निघेना. पोरीला नको म्हणून कसं बोलवायचं? शेवटी राहीच्या कडेवरच्या नातीकडे तिचं लक्ष गेलं आणि तिला हाक सापडली.

"जिऊच्या आत्या! ये गं बाय!"

त्या दिवसापासून तिला सगळे आत्या म्हणू लागले. कोंडाबाई होती तोवर रोज एक भाकरी तिच्यासाठी झाकून ठेवी. पुढं जिऊ ठेवू लागली. जिऊ पिकल्या केसांची होऊन गेली, पण आत्याचं सुतक निरगुडवाडीनं आजवर धरलेलं नाही.

आता कुणी शिकलेलं माणूस म्हणेल, इतकी वर्षं कोण जगतं? मी दूर शिकून परत आल्यावर एका बारशाला हेच विचारलं होतं. आमची शेजारीण गुणाकाकू भाकरी थापता थापता म्हणाली, "तू बघितलीस का मेल्याली? मग गप घुगऱ्या खा."

मी घुगऱ्या खाल्ल्या, आणि त्याच बारशाला ते सगळं डोळ्यांनी पाहिलं. पाळण्याजवळ एक पाट रिकामा ठेवतात, त्यावर घोंगडं अंथरतात. सख्खी आत्या नाव सांगायला वाकली की गुद्दे घालायच्या आधी बाया थांबतात. सगळ्यांत म्हातारी बाई टेकडीकडे तोंड करून विचारते, "आत्या, हाईस का?" आणि अंगणातल्या साऱ्या बाया, पोरी, हल्ली बापेसुद्धा एका आवाजात ओरडतात, "हाय!"

मग बाळाच्या कानात नाव सांगतात. कुणाचं काहीही असो, ते एक नाव नसतं. दुसऱ्या गावाहून त्या नावाची सून आली, तर सासू तिला उंबऱ्यावर थांबवून सांगते, "बाई, हे आमच्या आत्याचं नाव आहे आणि ती हयात आहे. तुला दुसरं घ्यावं लागेल." मग तिला हसरीवर नेतात आणि बाया तिला नावं सुचवत बसतात, तिला एखादं आवडेपर्यंत.

ते नाव आत्याकडे आहे. ती ते कुणाला देत नाही. म्हणूनच आपल्या वाडीत प्रत्येक मूल जन्मलं की आपण टेकडीला विचारतो, आणि म्हणूनच तिच्या वतीनं आपण सगळे मोठ्यानं ओ देतो.