माखलेली काच

एकदा एका घाटातून एक गाडी उतरत होती, आणि ती चालवणाऱ्याला समोरचे काही दिसत नव्हते.

वेळ सकाळी दहाची. श्रावण अर्धा सरला होता. घाटमाथ्यावर ऊन आणि उतारावर पाऊस, असे त्या दिवसांचे वागणे. गाडीत तिघे जण होते. मागच्या सीटवर बेदाण्याचे एक व्यापारी, मांडीवर पेढ्यांचा खोका घेऊन. खाली कोकणात पुतण्याचा साखरपुडा होता आणि आपण पोचल्याशिवाय तिथे सुपारी फुटणार नाही, अशी शेठची खात्री होती. पुढे डाव्या बाजूला त्यांचे म्हातारे ड्रायव्हर. तीस वर्षे घाट चढले-उतरलेले, एकही अपघात नावावर नसलेले. त्यांना सगळे उस्ताद म्हणत. आणि स्टिअरिंगवर त्यांचा शिष्य, वीरधवल. दिवाळीनंतर उस्ताद घरी बसणार होते. आज वीरधवलचा पहिला घाट. जमला तर गाडी त्याच्या हाती, नाहीतर दुसरा कोणीतरी.

निघण्यापूर्वी उस्तादांनी नेहमीप्रमाणे गाडी चमकवली होती. त्यांची रीत ठरलेली. जुन्या बनियनचे फडके डिझेलमध्ये बुडवायचे, पिळायचे आणि बॉनेटपासून डिकीपर्यंत फिरवायचे. रंग असा उठतो की गाडी आजच शोरूममधून आणली असे वाटावे. ते फडके पुढच्या काचेवरूनही फिरले. काचेवर तेलाचा रंगीबेरंगी तवंग पसरलेला वीरधवलने पाहिला आणि तो म्हणाला, "उस्ताद, काचेला नको ना."

"तू जन्माला यायच्या आधीपासून पुसतोय मी ही काच," उस्ताद म्हणाले.

या एका वाक्यापुढे कितीतरी शहाणी पोरे आयुष्यभर गप्प बसलेली आहेत.

वायपरची रबरे तीन पावसाळे जुनी होती. उन्हात काचेला टेकून टेकून वाळलेली, डिझेलने कडा फुगलेली. उजवीकडचे एक टोक सुटून लोंबत होते. त्याबद्दलही बोलणे झाले होते. शेठ म्हणाले होते, "हलतायत ना? मग झालं."

पहिले वळण संपले आणि पाऊस आला. वायपर सुरू झाले. पाणी बाजूला सरले नाही. ते तेलात कालवले गेले आणि काचभर दुधाळ साय पसरली. पुढे चाललेल्या ट्रकच्या मागच्या चाकांनी तांबडा चिखल उडवला, वायपरने तोही त्यात घोळला. झाडे विरघळली. रस्त्याच्या कडेचे पांढरे दगड विरघळले. लोंबणारे टोक दर फेरीला काचेवर चापट मारत होते आणि डोळ्यांसमोर बरोबर मधोमध एक तांबूस पट्टा ओढून जात होते.

"उस्ताद, दिसत नाही," वीरधवल म्हणाला.

"सवय होईल."

त्याने मान खाली घातली, वर केली, तिरकी केली. पट्ट्याच्या खालून बोटभर फट होती, तिच्यातून थोडा रस्ता दिसे. समोरून एक बस हेडलाइट लावून आली आणि सबंध काच एकदम पेटल्यासारखी पांढरी झाली. त्या दोन श्वासांत तो निव्वळ आंधळा होता. बस कानाजवळून घोंगावत गेली. डाव्या हाताला दरी आहे, एवढेच त्याला पक्के ठाऊक होते. किती डाव्या हाताला, हे ठाऊक नव्हते.

"उस्ताद, खरंच दिसत नाही हो."

"अरे, घाट डोळ्यांनी नाही चालवत. अंदाजानं चालवतात. पुढं उजवं वळण, मग मोरी, मग डावं. सांगतोय ना मी?"

मागून शेठ हसले. "नाव वीरधवल, आणि पावसाला भितोय! उस्ताद, शिकवताय काय याला, सायकल?"

"नवीन आहे, शेठ. नवीन बैल जरा बुजतोच."

"बुजू दे, पण जरा पाय दे म्हणावं. तिकडं लोक ताटकळलेत."

थोरामोठ्यांना एक खोड असते. त्यांना स्वतःची घाई दिसते आणि दुसऱ्याची भीती ऐकू येत नाही. ऐकू आलीच, तर ती चेष्टेचा विषय होते. चेष्टा झाली की पोर आणखी जोरात चालवते. हे त्यांना माहीत असते, म्हणूनच ते चेष्टा करतात. वीरधवलनेही पाय दिला. चाळिसावर काटा गेला. रस्त्यावर काय काय असू शकते याची यादी त्याच्या डोक्यात आपोआप चालू झाली: घसरलेला दगड, बसलेली गुरे, बंद पडलेली मोटारसायकल, शाळेची पोरे. काच काहीच सांगत नव्हती. काचेवर नुसती साय होती, आणि वायपरचे दोन हात इमानेइतबारे तिला इकडून तिकडे सारवत होते.

तिसऱ्यांदा तो पुटपुटला, "मला नाही दिसत."

उस्ताद खिडकीबाहेर बघत होते.

मोरी गेली. डावे वळण आले. आणि त्या वळणात, कोणत्याही कारणाशिवाय, वीरधवलचा पाय ब्रेकवर गच्च दाबला गेला.

गाडी कण्हत, आडवी होत थांबली. पेढ्यांचा खोका पुढे येऊन आदळला. शेठनी तोंड उघडले. पण त्याआधी बॉनेटवर धाडकन एक हात पडला.

वीरधवलने खिडकीतून डोके बाहेर काढले. गाडीच्या नाकापासून वीतभर अंतरावर एक बाई उभी होती. पाठीवर पानांचे इरले, डोक्यावर ओल्या गवताचा भारा. भारा अर्धा निसटून बॉनेटवर सांडला होता. पन्नाशीची असेल. भीतीने तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. पण आवाज शाबूत होता.

"डोळं हायत का बटणं लावलीत रं? माणूस दिसत न्हाई तुला? आँ? एवढा भारा दिसत न्हाई?"

"नाही दिसला, मावशी," वीरधवल म्हणाला. "खरंच नाही दिसला."

"न्हाई दिसला तर चालवतोस कशापायी?"



खोका पुन्हा मांडीवर घेत शेठ सावरले. "बाई, तुम्हीही जरा कडेनं चालावं ना—"

"कडंनंच चाललीया मी. ह्याच्या पल्याड कड न्हाई, दरी हाय." तिने शेठकडे पाहिलेही नाही. भारा उचलून डोक्यावर घेतला. "आन् हितं उभं ऱ्हाऊ नगा. वरनं धोंडं येत्यात. काल दोन आलं. खाली दोन वळणांवर च्याचं दुकान हाय, तिथवर जावा." एवढे सांगून ती वर चढत निघून गेली.

उस्ताद इतका वेळ हलले नव्हते. आता त्यांनी हळू आवाजात विचारले, "तुला ती केव्हा दिसली?"

"दिसलीच नाही."

"मग ब्रेक का मारलास?"

वीरधवलला सांगण्याची लाज वाटली. तरी तो म्हणाला, "भीती वाटली म्हणून."

उस्ताद खाली उतरले. पावसात भिजत गाडीच्या पुढे आले. त्यांनी वायपरचा एक हात वर उचलला आणि हिसडा मारून ब्लेड उपसून काढले. मग दुसरेही. मोकळे दांडे तसेच काचेपासून उचलून ठेवले. मागचे दार उघडून त्यांनी ती दोन्ही ब्लेडे, चिखल टपकत असलेली, शेठच्या मांडीवरच्या खोक्यावर ठेवली.

"उस्ताद! वेड लागलं काय तुम्हाला?" शेठ ओरडले. "होतं तेही काढलंत? आता जायचं कसं?"

"शेठ, तुमच्या पिशवीत साबण असेल. द्या."

"चंदनाचा आहे तो!"

"द्या."

त्या आवाजात असे काही होते की शेठनी साबण दिला. उस्तादांनी तो वर्तमानपत्राच्या बोळ्यावर घासला आणि काच घासू लागले. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, सत्तरीच्या घरातला माणूस, बॉनेटवर पोट टेकवून. वीरधवल मदतीला उतरला, तर त्यांनी त्याला हाताने थांबवले. "काच मी माखलीय. मीच काढणार." मळकट फेस ओघळत राहिला आणि पाऊस तो धूत राहिला.

दरम्यान शेठचा फोन वाजला. पलीकडून कोणीतरी सांगत होते की काका, तुम्ही सावकाश या, भटजींना पुढे जायचे आहे, आम्ही सुपारी फोडून घेतो. शेठ बराच वेळ "हो, हो" म्हणत राहिले.

काच लख्ख निघाली. पाऊसही आता भुरभुर झाला होता. स्वच्छ काचेवरून थेंब सुटे सुटे घरंगळत होते आणि त्यांच्यामधून पलीकडचा डोंगर, झाडे, रस्त्याची ओली कड, सगळे जागच्या जागी दिसत होते. उस्तादांनी हात धोतराला पुसले. मग ते बोलले. आयुष्यात ते बरेच बोलले होते; त्यातले कामाचे बहुधा एवढेच.

"वीरधवल, काचेवर नुसता पाऊस असता तर तू थांबला असतास. शेठही थांबले असते. आंधळ्यासारखं कोणी उतरत नाही. पण वायपर हलत होता. हलतोय म्हणजे पुसतोय, असं आपण धरून चाललो. झिजलेल्या वायपरचा खरा धोका हा, की आपल्याला दिसत नाही, हेच तो कळू देत नाही. आणि त्याच्यापेक्षा झिजलेला मी. तू तीनदा म्हणालास, दिसत नाही. मी तुला सवय होईल म्हणालो. सवय मला झालेली आहे, बाबा. न दिसण्याची. तिलाच मी अनुभव म्हणतो, आणि लोक मला उस्ताद म्हणतात. तीस वर्षांत मी कोणाला उडवलं नाही, असं सांगत आलो. आज कळलं, तीस वर्षं लोक माझ्या वाटेतून बाजूला होत आले. आज एक बाई बाजूला झाली नाही. तिला माझ्या अंदाजानं वाचवलं नाही. तुझ्या भीतीनं वाचवलं."

वर डोंगरात कुठेतरी खडखडाट झाला. मुठीएवढे दोन-तीन खडे रस्त्यावर येऊन उसळले आणि दरीत गेले. शेठ दचकून सीटवर आत सरकले.

"इथं थांबता येणार नाही," उस्ताद म्हणाले. "दुकानापर्यंत जायचं. वायपरशिवाय. बस गाडीत."

"मी नाही चालवत, उस्ताद. तुम्ही घ्या. आत्ता मला सगळ्यात जास्त भीती वाटतेय."

"म्हणूनच तू चालव. मला वाटत नाहीये अजून पुरेशी." त्यांनी खांद्यावरचा पंचा काढून हातात घेतला. "मी गाडीपुढं चालतो. रस्ता मी बघतो, तू मला बघ. मी दिसेनासा झालो की थांब. कोणाला विचारू नकोस, थांब."

"अहो, पण मला दिसला नाहीत आणि... थांबायला उशीर झाला तर?"

"तर तुला कळेल आणि मला कळेल. मघाशी फक्त त्या बाईला कळलं असतं."

आणि ते खरेच पुढे जाऊन उभे राहिले, बंपरपासून दहा पावलांवर, गाडीकडे पाठ करून.

वीरधवलने इंजिन सुरू केले. पहिला गिअर. समोर काच, काचेवर थेंब, थेंबांपलीकडे म्हाताऱ्याची वाकलेली पाठ आणि भिजलेला पंचा. एका वेळी एक पाऊल. एक पाय क्लचवर, दुसरा ब्रेकवर. मागून कोणी पाय दे म्हणाले नाही. वाऱ्याचा झोत आला, थेंबांचा पडदा झाला, पाठ पुसट झाली. त्याने गाडी थांबवली. पाठही थांबली, मागे वळून न पाहता, पडदा ओसरेपर्यंत तशीच उभी राहिली. पुन्हा निघाले. पुन्हा थांबले. असे अकरा वेळा झाले. चौथ्या की पाचव्या वेळी मागचे दार उघडले. शेठ छत्री घेऊन उतरले, पुढे गेले आणि उस्तादांच्या शेजारून चालू लागले. आता काचेपलीकडे दोन पाठी होत्या.

दोन वळणांना पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात वीरधवलची भीती तसूभरही कमी झाली नाही. पण तिची लाज मात्र कुठेतरी वाटेतच गळून पडली. भीती आहे तोवर पाय ब्रेकवर आहे, आणि पाय ब्रेकवर आहे तोवर समोरची दोन माणसे चालत आहेत, एवढे त्याला उमगले.

पोरांच्या भीतीला ज्यांना भित्रेपणा म्हणायचे असेल, त्यांनी खुशाल म्हणावे. फक्त ते मागच्या सीटवर बसून म्हणू नये, त्या पोरांच्या गाडीपुढे दहा पावले चालत म्हणावे.