सम्राटाची तांबडी मूर्ती

रोम शहरात फाबिया नावाची एक विधवा चांदीकाम करायची. एकदा सम्राटाने तिला बोलावून आपली चांदीची मूर्ती घडवायला सांगितली. "चांदी माझ्या खजिन्यातून येईल. त्यातली गुंजभर जरी कमी भरली, तर मान उडवीन," त्याने दरडावलं.

खजिनदाराने टांकसाळीतली दोन हजार कोरी नाणी पाठवून दिली. फाबियाने ती मुशीत टाकली, भाता मारला आणि आत डोकावली, तर तिच्या पायाखालची जमीनच सरकली. मुशीत तांबं उकळत होतं! चांदीचा नुसता मुलामा होता. चांदी खाल्ली कोणी, आणि मान जाणार कोणाची! तिने त्याच तांब्याची मूर्ती घडवली आणि भरदरबारात नेऊन ठेवली.

दरबारात सगळे सेनापती हजर होते. सम्राट गरजला, "चोरटे, माझी चांदी कुठे आहे?"

"महाराज, तुमच्या खजिन्यातली नाणी वितळवली, तेव्हा हेच निघालं. खोटं वाटत असेल तर इथेच भट्टी पेटवा. या सेनापतींना तुम्ही काल पगार दिलात ना? तीच नाणी मुशीत टाका. चांदी निघाली, तर खुशाल माझी मान घ्या."

सम्राटाचा चेहरा पांढराफटक पडला. सगळे सेनापती त्याच्याकडेच बघत होते.

"भट्टी कशाला?" तो कसाबसा म्हणाला. "मूर्ती... मूर्ती छानच झाली आहे. जाऊ द्या बाईंना."

फाबिया दरवाज्यापर्यंत पोचते तोच मागून खरखर ऐकू आली. तिने वळून पाहिलं. सेनापती खंजिराच्या टोकाने आपापली नाणी खरवडत होते.