घरची नाडी

एकदा एका वृद्ध वैद्यांनी आपल्या आजारी पत्नीची नाडी पाहायला शिष्याला आत पाठवले आणि स्वतः बाहेर ओट्यावर जाऊन बसले. शिष्य चक्रावला. ज्यांच्या शब्दावर आसपासची गावे डोळे मिटून विश्वास ठेवत, त्यांनी घरच्याच दुखण्यात एका शिकाऊ माणसाला पुढे करावे, हे त्याच्या पचनी पडेना.

तोही दमलाच होता. एकवीस दिवस काढे उकळून उकळून त्याच्या हातांना कडवट वास बसला होता. एक काढा लागू पडला नाही की गुरुजी ग्रंथ उघडत, नवे कारण काढत, नवी मुळी आणवत. आणि दर वेळी त्यांचा तर्क बिनचूक असे.

आत गुरुपत्नी पडून होत्या. शिष्य त्यांना आईच म्हणे. त्याने मनगट हातात घेतले तशा त्या पुटपुटल्या, “आता काढा नको रे. गिळवत नाही. पण यांना कोण सांगणार?”

त्याने तीनदा नाडी पाहिली. तिन्ही वेळा तेच. बाहेर येऊन तो खांबाला टेकून उभा राहिला.

“बोल,” वैद्य म्हणाले.

“फार तर आठ-दहा दिवस, गुरुजी. औषधाचा आता त्यांना त्रासच होतोय.”

वैद्यांनी नुसती मान डोलावली. न राहवून शिष्याने विचारले, “हे तुम्हाला कळलं नसेल?”

“परक्याच्या घरी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. इथे मात्र बुद्धी लगेच माझी बाजू घेते. वात वाढलाय, ऋतू पालटतोय, मुळी जुनी निघाली. एकही कारण खोटं नव्हतं बघ. पण प्रत्येक विचार एकाच जागी येऊन थांबायचा, ही बरी होणार. तेव्हा मला त्या बुद्धीचाच संशय आला. तिची चूक तिलाच विचारून कशी कळावी? म्हणून तुला पाठवलं.”

मग खालच्या आवाजात त्यांनी विचारले, “तुझं चुकत असेल का रे?”

शिष्याच्या मनात क्षणात कारणे उभी राहिली. आपण नवखे आहोत. नाडी सकाळी अनशापोटी पाहायला हवी होती. एकवीस दिवसांचा थकवाही होता. सगळी पटण्यासारखी. गुरुजींच्या चेहऱ्याकडे पाहवत नव्हते, आणि एक ‘हो’ म्हटले की दोघांचीही सुटका होती. मग त्याच्या ध्यानात आले, ही कारणे त्याने शोधलीच नव्हती. ती आपणहून आली होती, त्याला हवी होती म्हणून. त्याला फार वाईट वाटले.

“नाही, गुरुजी,” तो म्हणाला.

वैद्य गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि आत जाऊन पत्नीच्या उशाशी बसले.

“आज औषध नाही?” तिने विचारले.

“नाही.”

“मग बसा थोडा वेळ.”