गोटी आणि घंटा

परदेशांतल्या निवडणुका बघून आलेले मंत्री रणपिसे सभेत बोलायला उभे राहिले, तेही पटसंख्या कमी म्हणून त्यांनीच बंद केलेल्या शाळेत!

"ऑस्ट्रेलियात मत दिलं नाही तर दंड होतो. गांबियात मतदार पिंपात गोटी टाकतो, की आत टण्णकन घंटा वाजते. आहे का आपल्याकडे असं काही?"

याच वर्गात तीस वर्षं शिकवलेल्या केळुसकरबाई उठल्या.

"आहे की साहेब, फक्त उलटं आहे. तिथं मत दिलं की घंटा वाजते. इथं तुम्हाला मत दिलं आणि शाळेची घंटा वाजायची थांबली."

सगळे हसले. साहेब पाण्याचा ग्लास शोधू लागले.

बाई मात्र खाली बसून शेजारणीला हळूच म्हणाल्या, "त्यात एक मत माझंही होतं गं."