कासविणीने आणलेले पाहुणे

समुद्रात, काठावरून नुसता ठिपका दिसावा इतक्या आत, एक बेट होते. तिथे टिटव्या राहत, सरडे राहत, वाळूत खेकडे राहत. झाडे कमी, करवंदीच्या जाळ्याच काय त्या पुष्कळ. मुलांनो, अंगावर केस असलेला प्राणी त्या बेटावर कधी आलाच नव्हता. त्यामुळे टिटव्या उघड्यावरच, गोट्यांमध्ये खळगी करून अंडी घालत आणि खुशाल राहत. त्यांची एक रीत होती. बाहेरून कुणी आले, की टिटवी खळगीवरून उठायची, बाजूला सरकायची आणि पाहुण्याला आपली ठिपक्यांची अंडी दाखवायची. पाहुण्याने म्हणायचे, "सुखरूप फुटोत." झाला पाहुणचार.

काही वर्षांआड, फाल्गुन सरत आला, की एक कासवीण त्या बेटाच्या वाळूत अंडी घालायला येई. अशीच एकदा येत असताना तिला एक फुटकी होडी दिसली. होडीत पाणी भरत होते आणि टोकाला मुंगसाची जोडी एकमेकांना बिलगून बसली होती.

"मावशी, पाठीवर घे गं," मुंगूस काकुळतीला येऊन म्हणाले. "सुक्या मासळीच्या वासाने होडीत शिरलो, आणि मेला दोर तुटला. आम्ही त्या पलीकडच्या काठावरचे."

कासविणीने काठाकडे पाहिले. काठ लांब होता, पाण्याची ओढ उलटी होती आणि तिचे पोट अंड्यांनी जड झाले होते. बेट मात्र समोरच होते. ती मनाशी म्हणाली, 'जमीन ती जमीन. तिथे उतरवले काय, इथे उतरवले काय.' तिने दोघांना पाठीवर घेतले आणि बेटाच्या वाळूत आणून सोडले.

"ये मावशी," टिटवी खळगीवरून उठत म्हणाली. "यंदा पाहुणे घेऊन आलीस वाटतं?"

"बुडत होते बिचारे."

"बरं केलंस. या हो, बसा." असे म्हणून टिटवी रीतीप्रमाणे बाजूला सरकली. मुंगूस अंड्यांकडे बराच वेळ बघत राहिले. मग ते म्हणाले, "सुखरूप फुटोत."

बिळाच्या तोंडाशी बसलेल्या म्हाताऱ्या खेकड्याला काही ते बघणे रुचले नाही. "टिटवे," तो म्हणाला, "हे खातात काय, ते आधी विचार तरी."

"पाहुण्याला 'काय खाणार' असं विचारतात, 'काय खातोस' असं नव्हे," टिटवी हसली. "तुझं सगळंच तिरकं. चालणं तसं बोलणं."

सगळे हसले. कासवीणही हसली. खरे तर तोच प्रश्न तिच्याही ओठावर आला होता, पण तिला आपली अंडी घालून परतायची घाई होती. अंडी घालून, वाळू सारखी करून ती निघून गेली.

कासविणी काही दरसाल येत नाहीत. मध्ये काही वर्षे गेली आणि पुन्हा तिचे पोट जड झाले, तेव्हा ती बेटाकडे वळली. लांबूनच तिला चुकल्यासारखे वाटले. पूर्वी बेट दिसण्याच्या आधी टिटव्यांचा कलकलाट ऐकू यायचा. आता नुसती लाटांची गाज होती. वाळूवर खेकड्यांच्या पावलांची नक्षी नव्हती, दगडांवर सरडे नव्हते. गवत टोळांनी खाऊन खुंटवले होते. टोळांना खाणारे कुणी उरलेच नव्हते. करवंदीच्या प्रत्येक जाळीतून मात्र मुंगसे डोकावत होती.

त्यांतले एक म्हातारे मुंगूस पुढे आले. "मावशी, ओळखलंस का?"

"ओळखलं. काय केलंस रे हे बाबा?"

"काय करणार? पोट घेऊन आलो होतो, तेच भरलं." त्याच्या बोलण्यात मग्रुरी नव्हती. "तिकडे काठावर उंदीर होते, साप होते. त्यांच्यामागे धावावं लागायचं. इथे कुणी पळतच नव्हतं."

"चला, माझ्या पाठीवर बसा. तुम्हाला तुमच्या काठावर पोचवते. कितीही लांब असो."

मुंगसाने मागे जाळ्यांकडे पाहिले. "आम्ही दोघं होतो तेव्हा एक पाठ पुरली गं. आता किती पाठी आणशील? आणि ही पोरं इथेच जन्मली. त्यांना विचारशील, तर हाच त्यांचा काठ." मग हळूच म्हणाले, "तुझे उपकार आहेत. तुझ्या अंड्यांना मी शिवणार नाही. पण पोरं माझं ऐकतील, असं नाही सांगत."

कासवीण सरपटत टिटव्यांच्या माळावर गेली. तिथे एकच टिटवी होती, तीच जुनी, पिसे विस्कटलेली.

"बाकीच्या कुठे गेल्या गं?"

"उडता येत होतं त्या पलीकडे गेल्या. अंड्यांना कुठे उडता येतं, मावशी?"

"तूही जायचंस."

"माझी खळगी इथे आहे ना."

कासविणीच्या डोळ्यांतून पाणी गळत होते. कासवीण वाळूवर आली की तिच्या डोळ्यांतून पाणी गळतेच, पण त्या दिवशीचे पाणी निराळे होते. "बाई, मी तेव्हा थोडी आणखी पोहले असते तर," ती म्हणाली. "काठ लांब होता इतकंच. मी दमले होते."

टिटवीने तिला दोष दिला नाही. कुणी तरी बाहेरून आले होते, म्हणून ती सवयीने उठली आणि बाजूला सरकली. खळगीत गोटे तेवढे होते.

"सुखरूप..." एवढेच म्हणून कासवीण वळली. जड पोटाने तशीच ती पुन्हा पाण्यात उतरली, दुसरी एखादी वाळू शोधायला.

तात्पर्य : बुडत्याला पाठ द्यावीच, पण उतरवायचे ते त्याच्या काठावर, आपली दमणूक वाचावी म्हणून दुसऱ्याच्या अंगणात नव्हे.