चिंचेची वाटी

लग्न होऊन गावात नुकतीच आलेली एक सूनबाई एकदा तिथल्या वृद्ध पाळकांपुढे उभी राहिली आणि म्हणाली, “पाळकसाहेब, मला मंडळीची सेवा करायला शिकवा.”

बिशपांच्या धर्मप्रांताच्या अगदी टोकाला असलेलं ते जुनं दगडी चर्च. पाळकसाहेब व्हरांड्यात बसून गुडघ्यांना तिळाचं तेल चोळत होते. वर न पाहता त्यांनी विचारलं, “घरी काम कमी पडतं का?”

“घरी सासूबाई कामाला हात लावू देत नाहीत. म्हणतात, तू बस.”

पाळकसाहेब हसले. “बरं. शनिवारी दुपारी वेदीवरचं पितळ घासायला काही बायका येतात, त्यांच्यात जाऊन बैस. आणि गावात कोण एकटं पडलंय, त्यांच्यापर्यंत चर्चनं कसं पोचावं, याचाही विचार कर.”

दुसरं काम ऐकून सूनबाईचे डोळे चमकले. पहिलं तिला सेवेपेक्षा शिक्षेसारखं वाटलं. पण ती गेली.

शनिवारी चर्चच्या अंगणातल्या निंबाखाली पोतं अंथरलेलं असे. त्यावर मेणबत्त्यांची दोन उंच शमादानं, क्रूस, फुलदाण्या आणि दानाची थाळी मांडलेली असे. घासण्याचं काम फार तर तासाभराचं. पण बायका ते दिवे लागेपर्यंत पुरवत. एस्तेरबाई एक फुलदाणी हातात घेत, कुणाच्या तरी सोयरिकीची गोष्ट आठवली की ती खाली ठेवत, आणि गोष्ट संपल्यावर मघाशी घासलेलीच बाजू पुन्हा घासू लागत.

“काय गं नवी नवरी, दमलीस? नवऱ्याला सांग हो, चर्चमध्ये राबवून घेतात म्हणून!”

सगुणाबाई मात्र गप्प असत. गेल्या नाताळानंतर त्यांचे यजमान वारले, तेव्हापासून त्यांचा आवाज गावाने फारसा ऐकला नव्हता. आपल्या परसातल्या झाडाची चिंच त्या सकाळीच वाटीत भिजत घालून आणत. ती वाटी सगळ्यांच्या मधोमध ठेवत, आणि डावीकडचं शमादान पुढ्यात ओढून घेत. ते दुसऱ्या कुणी घेतलेलं त्यांना चालत नसे.

सूनबाईने काही शनिवार हे पाहिलं आणि तिचा जीव हळहळला. एवढे हात, एवढा वेळ, आणि सगळा पितळेवर वाया! या बायका मोकळ्या झाल्या तर एकाकी लोकांच्या घरी नेता येतील, इस्पितळात नेता येतील. तिने मनातल्या मनात सगळी आखणी केली. मग एका शुक्रवारी तिने दुकानातून पॉलिशची पावडर आणली, आणि एकटीने सगळं पितळ असं घासलं की क्रूसाकडे पाहताना डोळे दिपावेत.

शनिवारी बायका आल्या. पोतं अंथरण्याआधीच एस्तेरबाईंनी फुलदाणी उचलून पाहिली.

“अगं बाई! यात तर माझ्या सुरकुत्याही दिसायला लागल्या. आता आम्ही काय घासायचं, आमची कपाळं?”

सगळ्या हसल्या. सूनबाईने आनंदाने आपली आखणी सांगितली. बायकांनी माना डोलावल्या, छान आहे म्हणाल्या, आणि थोड्या वेळाने आपापल्या घरी निघून गेल्या. सगुणाबाईंनी हातातल्या वाटीवर पदर ओढला.

रविवारच्या उपासनेत त्यांची जागा रिकामी होती. पुढच्या रविवारीही.

मग सूनबाई बिस्किटांचा पुडा घेऊन त्यांच्या घरी गेली. परतली ती थेट पाळकसाहेबांकडे. तिचा चेहरा उतरला होता.

“मी प्रार्थना केली. त्यांनी चहा दिला, खुर्ची पुसून दिली, फाटकापर्यंत पोचवायला आल्या. पण चर्चला या म्हटलं, तर म्हणाल्या, ‘आता माझं काय काम तिथं?’ पाळकसाहेब, त्या आता कधीच येणार नाहीत का? गावात आल्याबरोबर पहिलं माणूस मी तोडलं.”

पाळकसाहेब गुडघा चोळता चोळता उठले, वेदीवरचं डावं शमादान घेऊन आले आणि तेलाने माखलेले दोन्ही तळवे त्यांनी त्यावरून वरपासून खालपर्यंत फिरवले. एवढ्यावर न थांबता त्यांनी ते अंगणातल्या धुळीत आडवं केलं आणि पायाने हलकेच लोळवलं.

“पाळकसाहेब!” सूनबाई किंचाळलीच. साहेबांना भ्रम झाला, असं तिला क्षणभर खरोखर वाटलं.

“आता हे सगुणाबाईंकडे घेऊन जा.”

“आणि काय सांगू?”

“खरं ते सांग. म्हणावं, पाळकांनी घाण केलं.”

पदराखाली ते जड, ओशट ओझं घेऊन ती भर दुपारी पुन्हा त्या दारात उभी राहिली. सगुणाबाईंनी पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

“कुणी केलं गं हे?”

“पाळकसाहेबांनी.”

“या वयात?” म्हणत सगुणाबाई हसल्या. वर्षभर न हसलेल्या माणसाचं हसू, मध्येच अडखळणारं. “खुळे झालेत ते. इकडे दे. अगं, खुर्चीवर काय बसतेस? ये खाली, जरा धरून ठेव.”

आत जाऊन त्या वाटी घेऊन आल्या. चिंच भिजल्यावर दोघी घासू लागल्या. मग नक्षीच्या खाचेत बोट घालत सगुणाबाई म्हणाल्या, “यातली मेणबत्ती आमचे यजमान पेटवायचे. दर रविवारी. काडी एका फटक्यात कधी लागायची नाही त्यांची.” आणि त्या बोलतच राहिल्या.

संध्याकाळी सूनबाई पाळकसाहेबांकडे परतली, तेव्हा तिच्या हातांना चिंचेचा वास येत होता.

त्यांनी विचारलं, “सासूबाई तुला कामाला हात लावू देत नाहीत, तेव्हा कसं वाटतं?”

“पाहुणी असल्यासारखं.” म्हणता म्हणता ती थबकली.

पाळकसाहेब शांतपणे म्हणाले, “सूनबाई, पितळ मळलेलं असलं म्हणून देव वेदीवरून उठून जात नाही. तू ते उत्तम घासलंस, पण त्याबरोबर त्या बाईची वाटीही रिकामी केलीस. आपली चिंच आज कुणाला तरी लागणार आहे, एवढ्या एका कारणाने ती शनिवारी सकाळी उठत होती. जी आपल्या पायांनी इथवर पोचत होती, तिला तू घरी पाठवलंस आणि मग बिस्किटं घेऊन तिच्यापर्यंत पोचायला निघालीस. इस्पितळात जरूर जा. पण एकाकी माणसाला आपण भेटायला जावं, याहून त्याच्यावाचून आपलं अडावं, ही मोठी सेवा आहे.”

त्या शनिवारी निंबाखाली पुन्हा पोतं अंथरलं गेलं. सूनबाईच्या हातात एक फुलदाणी होती. एस्तेरबाईंची गोष्ट रंगली तशी तिने ती खाली ठेवली, आणि गोष्ट संपल्यावर घासलेलीच बाजू पुन्हा घासायला घेतली. पलीकडून सगुणाबाईंनी न बोलता वाटी तिच्याकडे सरकवली.

कुणाच्या मदतीला धावण्याआधी, त्याने स्वतःच्या वाटीत आपल्यासाठी काय भिजत घातलं आहे, तेवढं पाहावं.